मरळीचा श्वास मोजताना : सड्यावरच्या खाणीतला एक हंगाम

ऑक्टोबर ते जून या काळात लांजा तालुक्यातल्या एका बंद पडलेल्या चिरेखाणीवर मी मरळ हा शिकारी मासा गरवायला, म्हणजे गळाने पकडायला, एकतीस वेळा गेलो. त्याची नोंदवही आता पूर्ण झाली आहे आणि तिच्यातला कामाचा भाग येथे मांडतो आहे. खाणीचे नेमके ठिकाण मात्र सांगणार नाही. लहान पाण्यातली मरळ दोन-चार रविवारांत संपवता येते आणि आपल्यापैकी अनेकांनी ते डोळ्यांनी पाहिले आहे.

आपल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळांवर, अशा खाणी जागोजाग आहेत. जांभा तोडून चिरे काढून झाले की खड्डा तसाच सोडून देतात, मग पहिल्या दोन पावसांत तो भरतो आणि काठाला गवत, मध्ये पाणवनस्पती अशी चार-पाच वर्षांत त्याची तळी होते. ही खाण साधारण सव्वा एकराची आहे. तिच्या तीन बाजू यंत्राने कापलेल्या, भिंतीसारख्या सरळ आहेत आणि चौथ्या बाजूला गाडी उतरण्याचा जुना उतार आहे. पावसाळ्यात त्याच उतारावरून जादा पाणी खालच्या भातशेतांत जाते. मरळ वर कशी आली, याचे उत्तर त्या वाटेत असावे. ओल्या गवतातून आणि बोटभर पाण्यातून ती सरपटत चढू शकते, हे सर्वांना ठाऊक आहे. शेजारच्या वाडीतले एक आजोबा मात्र ‘कोणीतरी बादलीतून आणून सोडलेनी’ असे ठामपणे सांगतात आणि त्यांना खोटे ठरवण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही.

पहिले अकरा दौरे मी जवळजवळ फुकट घालवले. त्याला कारण माझाच उत्साह होता. गेल्या पावसाळ्यात युरोपातल्या पाइक माशाच्या गरवणीचे व्हिडिओ मी इतके पाहिले होते की मरळीलाही पाइकच समजून चाललो. दोघेही दबा धरून बसणारे शिकारी आणि दोघांनाही झाडोऱ्याची कड आवडते, एवढे साम्य खरे आहे. पाइकचे दात धारदार असल्यामुळे तिथले लोक गळापुढे तारेचा लीडर, म्हणजे दोरी आणि गळ यांच्यामधला मजबूत तुकडा, लावतात, म्हणून मीही लावला. पोकळ रबरी फ्रॉग, म्हणजे बेडकाच्या आकाराचे नकली आमिष, पाण्यावर हलका तरंगला पाहिजे, तो तारेच्या वजनाने नाक खुपसून चालू लागला आणि डावी-उजवी मान टाकण्याची त्याची लकब पार गेली. मरळीचे दात बोट फाडायला पुरेसे आहेत. पण नंतर लावलेला, चाळीस पाउंड ताण सोसणारा साधा नायलॉन लीडर तिने हंगाम संपेपर्यंत एकदाही तोडला नाही. डिसेंबरपर्यंतचा हिशेब असा : अकरा दौरे, सतरा झटके (म्हणजे माशाने फ्रॉगवर घातलेली झडप), हातात आलेल्या मरळी तीन.

खरा फरक पाइक आणि मरळ यांच्या श्वासात आहे आणि तो लक्षात यायला मला जानेवारी उजाडला. पाइक कल्ल्यांवर जगतो. त्याला वर यावे लागत नाही. मरळीच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, डोक्यातच, हवेतला प्राणवायू घेण्यासाठी वेगळी पोकळी असते आणि केवळ कल्ल्यांवर तिचे भागत नाही. वर येण्याची वाट अडवली, तर ती पाण्यात असूनही गुदमरून मरते. याचा गरवणाऱ्याच्या दृष्टीने अर्थ इतकाच की खाणीतली प्रत्येक मोठी मरळ ठरावीक वेळाने स्वतः वर येऊन आपला पत्ता सांगून जाते. मी मात्र तीन महिने त्या पत्त्यावर पाठ फिरवून सगळ्या पाण्यावर फ्रॉग फेकत बसलो होतो.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी रॉड गाडीतच ठेवला आणि केवळ घड्याळ व वही घेऊन खाणीवर गेलो. पहिली चाळीस मिनिटे मी काठावर उभा होतो, तोवर पाण्यावर काहीही हलले नाही. करवंदीच्या जाळीखाली बसल्यावर पंधरा मिनिटांत तीन ठिकाणी वर्तुळे उठली. मागे मोकळे आकाश असताना सरळ भिंतीच्या काठावर उभा राहिलेला माणूस माशाला बगळ्यापेक्षा मोठा दिसत असणार. मी उभा असतानाही मरळी श्वास घेतच असणार. पण काठच्या गवताखाली, आवाज न करता. तेव्हापासून उभ्याने गरवणे मी बंद केले.

वर्तुळ ओळखणे हाच या कामातला अवघड भाग आहे आणि तो शब्दांत सांगणे त्याहून अवघड आहे. कुजलेल्या पानांतून सुटणाऱ्या वायूचे बुडबुडे एकाच जागी रांगेने येतात, पण त्यांच्याभोवती पाणी ढवळलेले दिसत नाही. तिलापिया पृष्ठभागावर काही टिपते तेव्हा लहान, टणक आवाजाचे ठिपके उठतात. पाणदिवड (पाण्यातला साप) नाक वर काढते, पण ते काही क्षण वरच राहते. मरळ येते ती तिरकी; तोंड क्षणभर पाण्याबाहेर येते, ‘बुळुक’ असा जड आवाज होतो, आणि खाली जाताना कल्ल्यांतून सुटलेले दोन-तीन बुडबुडे ती कोणत्या दिशेला वळली ते दाखवतात. हे शेवटचे बुडबुडे सर्वांत मोलाचे असतात. फ्रॉग वर्तुळात टाकायचा नसतो. बुडबुड्यांच्या दिशेने सात-आठ फूट पुढे, शक्य तर पानांवर टाकायचा, तेथून हलकेच पाण्यात उतरवायचा आणि मग जितका वेळ धीर धरवेल त्याच्या दुप्पट वेळ थांबायचे.

स्वयंपाकघरातला थर्मामीटर दोरीला बांधून मी पाण्याचे तापमानही घेत गेलो. (घरी त्याची विचारणा झाली, नवीन आणून दिला.) जानेवारीत सकाळी २४ अंशांच्या पाण्यात उत्तर कोपऱ्यातली एक मरळ अकरा ते चौदा मिनिटांनी वर येत होती. एप्रिलमध्ये दुपारी पाणी ३२ अंशांवर गेले तेव्हा त्याच कोपऱ्यातले अंतर चार-पाच मिनिटांवर आले. ती तीच मरळ होती असे शपथेवर सांगता येणार नाही, परंतु कल पूर्ण खाणीत सारखाच होता. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि माशाच्या शरीराची गरज वाढते, त्यामुळे दोन्हीकडून श्वासाची घाई होते. गंमत अशी की एप्रिलच्या दुपारी पत्ते सर्वांत जास्त मिळाले आणि झटके सर्वांत कमी. श्वास घ्यायला आलेली मरळ भुकेली असतेच असे नाही. चांगले झटके सकाळी साडेसहा ते आठ आणि सूर्य भिंतीआड गेल्यावरच्या तासात मिळाले.

दुसरी सुधारणा झटका बसल्यावरची आहे. पाण्याचा स्फोट झाला की हात आपोआप वर जातो आणि फ्रॉग रिकामा कपाळावर येतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने भोगले आहे. मी आता रॉडचे टोक पाण्याकडे झुकवून, दोरीत वजन जाणवेपर्यंत थांबतो आणि मग एकदाच, जोरात ओढतो. जानेवारीपासूनच्या वीस दौऱ्यांत अडतीस झटक्यांपैकी एकवीस मरळी हातात आल्या. पत्ता पाहून फेकणे आणि उशिरा ओढणे हे दोन्ही बदल मी एकाच महिन्यात केले, त्यामुळे श्रेय कोणाला किती द्यायचे ते या वहीतून कळत नाही. पुढच्या हंगामात एका वेळी एकच बदल करण्याची शिस्त पाळावी लागेल. सर्वांत मोठी मरळ ६१ सेंटिमीटर भरली. दोन मरळी घरी नेल्या, बाकीच्या सोडल्या. फ्रॉगच्या दोन्ही गळांचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाकले आहेत, आणि त्यामुळे मासे निसटण्याचे प्रमाण वाढल्याचे मला दिसले नाही.

मार्चमध्ये एक वेगळेच प्रकरण घडले. उताराजवळ अंधार पडताना वर्तुळे उठत होती ती मरळीपेक्षा मोठी आणि आवाजाने गलेलठ्ठ होती. फ्रॉगकडे त्या माशाने ढुंकूनही पाहिले नाही. चुलतभावाने कोंबडीची आतडी गळाला लावून तळावर सोडली, तेव्हा वीस मिनिटांनी आठ मिशांचा, हातभर लांब, गुळगुळीत अंगाचा मागूर वर आला. आपला देशी मागूर सहसा इतका वाढत नाही; हा आफ्रिकन मागूर होता. याच्या पालनावर देशात बंदी आहे, तरी तो कुठून ना कुठून येऊन पडतो, मिळेल ते खातो आणि मरळीसारखाच हवेतूनही श्वास घेऊ शकत असल्यामुळे घाण पाण्यातही टिकतो. तो परत सोडला नाही. अशा माशाच्या बाबतीत पकडून सोडण्याचे आपले तत्त्व बाजूला ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जूनपर्यंत तशी वर्तुळे पुन्हा दिसली नाहीत, परंतु एकटाच मागूर कोणी सोडला असेल यावर माझा विश्वास नाही.

खाणीवर एकट्याने जाऊ नये. मे महिन्यात पाणी काठापासून पुरुषभर खाली जाते आणि सरळ भिंतीला धरायला काहीही नसते. पडलेल्या माणसाला पोहता येत असले तरी उतारापर्यंत पोहत जाण्यावाचून गत्यंतर नाही. आम्ही वीस मीटर दोर कायम सोबत ठेवला. वाशिष्ठीच्या किंवा सावित्रीच्या डोहांवर जाणाऱ्यांना मगरींची आठवण करून देण्याची गरज नसावी.

शेवटचा दौरा २८ जूनचा. उतारावरून पाणी वाहू लागले होते आणि वाडीतली मुले खाली चढणीच्या, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या, माशांसाठी बांधावर उभी होती. पाऊस उघडलेला असताना उत्तर कोपऱ्यातल्या हातभर पाण्यावर मात्र सरी पडत असल्यासारखे वाटत होते. जवळ गेल्यावर दिसले की ती तांबड्या पिलांची गुंडाळी होती, शेकडो पिले एकदम वर येऊन पुन्हा खाली जात होती, आणि त्यांच्या मागे अर्ध्या मिनिटाने एक जड ‘बुळुक’ झाले. पिलांवरची मरळ कोणत्याही हलत्या वस्तूवर तुटून पडते, त्यामुळे त्या वेळी फ्रॉग टाकणाऱ्याला झटका हमखास मिळतो. पण आईबाप उचलले की ती गुंडाळी लवकरच इतर माशांच्या पोटात जाते. आम्ही रॉड न उघडता परतलो. वाडीतल्या आजोबांनी वाटेत ‘काय गावलं काय?’ असे विचारले, तेव्हा त्यांना पिलांची जागा सांगितली नाही. त्या कोपऱ्यात पुढचा फ्रॉग नवरात्रानंतरच पडेल.