कॅपशेजारची दाढ

चिठ्ठीवर दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं : उजवीकडे खाली बरेच महिने ठणका, एक्स-रे आणि सीबीसीटीत (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये) ठोस काही नाही, हाडात सूज आहे का ते एमआरआयवर पाहावं.

मी एमआरआय काढणारी तंत्रज्ञ. जबड्याच्या सांध्याचे एमआरआय आमच्याकडे नेहमीचे. खास दातासाठी मात्र पेशंट क्वचितच येतो, आणि आला की ते काम मी मागून घेते. कारण दात एमआरआयला सहजासहजी दाद देत नाही. आपल्याला सिग्नल मिळतो तो मुख्यतः पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनकडून. एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. त्यात अडकलेल्या थोड्याशा पाण्याचा सिग्नल मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आतच विझतो, आणि नेहमीचं सिक्वेन्स, म्हणजे मशिनची चित्र घ्यायची ठरलेली पद्धत, सिग्नल टिपायला लागतं तोवर काही मिलिसेकंद उलटून गेलेले असतात. त्यामुळे दात काळा, भोवतीचं घट्ट हाड काळं आणि तोंडातली हवाही काळी. तो विझायच्या आत सिग्नल पकडणारी सिक्वेन्स आहेत. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ‘स्विफ्ट’ पद्धतीने दातांची अशी चित्रं प्रसिद्ध केली, तेव्हापासून या विषयाने मला धरून ठेवलंय. आमच्या मशिनवर ती सोय नाही. पण या केसमध्ये दात दिसायची गरजही नव्हती, मुळांभोवतीचं हाड दिसायला हवं होतं.

पेशंट पन्नाशीच्या बाई. एका दाढेचं रूट कॅनाल होऊन तिच्यावर धातूची कॅप बसवलेली. कुठे दुखतं विचारलं की बोट कॅपवर ठेवायच्या, मग जरा थांबून पुढच्या दाढेवर सरकवायच्या. डॉक्टरांचा संशय कॅपच्या दाढेवर होता आणि ती काढून टाकायचं जवळजवळ ठरलं होतं. सीबीसीटीत कॅपचे आणि रूट कॅनालमधल्या भरावाचे पट्टे उमटले होते, आणि नेमकी दोन दाढांमधली जागा त्यांच्याखाली गेली होती.

आमच्याकडे १.५ आणि ३ टेस्ला (चुंबकाच्या जोराचं एकक) अशी दोन मशिनं आहेत. सहकाऱ्याने ३ टेस्लाची तयारी सुरू केली होती. मी १.५ वर घ्यायला सांगितलं. चुंबक जोरदार म्हणजे इमेज चांगली, हे धातू नसेल तेव्हा खरं. धातू असला की चुंबकाच्या जोराबरोबर त्याची गडबडही वाढते.

पहिलं सिक्वेन्स मुद्दाम ग्रेडियंट एकोचं, म्हणजे धातूने सहज बिघडणारं लावलं, धातूचा डाग कुठवर पसरतो ते बघायला. कॅपच्या जागी काळं भगदाड, कडेला झगझगीत पांढरी किनार, आणि पुढच्या दाढेचा निम्मा भाग त्यात गडप. शिवाय बाई दोनदा गिळल्या होत्या, त्यामुळे जिभेच्या सावल्या एकीमागे एक अशा जबड्यावरून गेलेल्या.

मग त्यांना टेबलवरून उठवून बसवलं आणि सराव करून घेतला. “ताई, ओठ मिटा. जीभ खालच्या दातांना आतून टेकवून ठेवा. गिळावंसं वाटलं तर मशिनचा आवाज थांबेपर्यंत दम धरा, मी थांबवतेच आहे.” जीभ दातांना टेकली की मधली हवा निघून जाते आणि तोंडातली हालचालही कमी होते. दातांमध्ये गॉजची छोटी गुंडाळी चावायला दिली. आडवं झाल्यावर लाळ घशात साठते, तेव्हा सलग लांब सिक्वेन्स लावणं म्हणजे पेशंटचा छळ आणि इमेजचीही वाट. म्हणून सगळं तीन-चार मिनिटांच्या तुकड्यांत बसवलं. डोक्याभोवतीची हेड कॉइल (कॉइल म्हणजे सिग्नल टिपणारी अँटेना) बाजूला ठेवून गालावर लहान सरफेस कॉइल बांधली. लहान कॉइल दूरचं फारसं टिपत नाही, पण जवळचा सिग्नल तिच्याइतका स्वच्छ दुसरी देत नाही.

ग्रेडियंट एकोऐवजी टर्बो स्पिन एको घेतलं, कारण धातूमुळे विस्कटलेला सिग्नल त्यात बराचसा परत जुळतो. चरबीचा सिग्नल दाबण्यासाठी स्टर ही पद्धत. फ्रिक्वेन्सीवर चरबी ओळखणारी पद्धत कॅपशेजारी फसते आणि चरबीच सुजेसारखी चमकते. धातूचा डाग आखडावा म्हणून बँडविड्थ, म्हणजे सिग्नल वाचण्याचा वेग, वाढवली आणि स्लाइस, म्हणजे चित्राचे काप, पातळ केले.

सगळ्यात जास्त विचार केला तो फेजच्या दिशेचा. चित्राच्या दोन दिशा मशीन दोन तऱ्हेने मोजतं, एक फेजने आणि दुसरी फ्रिक्वेन्सीने. गिळण्याच्या सावल्या फेजच्या दिशेने पळतात आणि धातूचा ताण फ्रिक्वेन्सीच्या दिशेने. आडव्या स्लाइसमध्ये फेज पुढून-मागे ठेवली की जिभेच्या सावल्या मधल्यामध्ये राहतात, बाजूच्या दाढांवर येत नाहीत. आणि कॅपचा डाग गालाकडे-जिभेकडे ताणला जातो, पुढच्या दाढेवर चढत नाही. एकाच बदलात दोन्ही कामं होतात. वेळ थोडा वाढतो, तो मी आनंदाने दिला.

सहकारी म्हणाला, “मॅडम, व्हॉक्सेल अजून बारीक करू या का?” व्हॉक्सेल म्हणजे चित्राचा सगळ्यात लहान घन ठोकळा. मी नको म्हटलं. प्रत्येक बाजू निम्मी केली की सिग्नल आठव्या हिश्शावर येतो, आणि तो नुसत्या ॲव्हरेजिंगने, म्हणजे तेच पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढून, भरून काढायचा तर चौसष्ट पट वेळ लागेल. मुळातली बारीक नळी शोधायची असती तर गोष्ट वेगळी. सूज पाहायला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पुरतं.

स्टरची चित्रं एकेक करून आली. कॅपचा डाग आता गालाच्या बाजूला आखडलेला. तिच्या मुळांभोवतीचं हाड करडं, शांत. आणि पुढच्या दाढेच्या मागच्या मुळाच्या टोकाशी हाडात पांढराशुभ्र ठिपका, कडेने विरत गेलेला. मी स्लाइस मागेपुढे केले. तो सलग तीन स्लाइसवर होता. धातूचा खोटा पांढरेपणा असा मुळाच्या टोकाशी जमून बसत नाही. तरी खात्रीसाठी उभ्या छेदात पुन्हा घेतलं. तिथेच होता. खालून जाणारी नस साफ दिसत होती.

रेडिओलॉजिस्ट मॅडम येऊन माझ्या खांद्यावरून बघत उभ्या होत्या. “ही कॅपची दाढ नाहीच,” एवढंच म्हणाल्या आणि रिपोर्ट सांगायला बसल्या.

पुढचं दातांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. पुढच्या दाढेला थंडाची टेस्ट केली तर काहीच जाणवलं नाही. आतला पल्प, म्हणजे दाताचा जिवंत गर, मेलेला होता. तिचं रूट कॅनाल केलं, ठणका हळूहळू गेला. कॅपची दाढ जागेवर आहे.

ते सेटिंग मी मशिनवर वेगळ्या नावाने जतन करून ठेवलंय. आणि दातांच्या केसच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवून घेतली : तोंडात कोणता धातू आहे. सोनं, अमाल्गम (चांदीचं फिलिंग) किंवा सिरॅमिकसारखी झिरकोनिया असेल तर डाग लहान पडतो. कोबाल्ट-क्रोम मोठा, आणि स्टीलचे ब्रॅकेट तर अख्खा जबडा झाकून टाकतात. परवाच एका फॉर्मवर त्या ओळीत ‘ब्रेसेस’ एवढंच लिहून आलं. मी त्यांच्या ऑर्थोडॉन्टिस्टना फोन करून विचारलं, स्टीलचे आहेत की सिरॅमिकचे, आणि तार तात्पुरती काढून पाठवता येईल का.