गिल्बर्ट हिलच्या भेगा, सोपस्टोनमध्ये: काम कुठवर आलंय

मंडळी, सोपस्टोन ह्या मऊ दगडात कोरत असलेला खांबांचा तळहाताएवढा तुकडा एकदाचा पॉलिशपर्यंत आलाय. ज्यांनी अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थंड होताना आकसला, उभ्या भेगा गेल्या आणि जवळजवळ 200 फुटी काळे खांब उभे राहिले, वर गावदेवीचं देऊळ आणि चहूबाजूंनी बिल्डिंगा. पण तिथे खांब बाजूने दिसतात, त्यांची डोकी बघायची तर उडुपीजवळ माल्पेहून बोटीने सेंट मेरीज बेटावर जा, तिथे तुम्ही खांबांच्या डोक्यांवरूनच चालता. माझी शाईची चित्रं बहुतेक तिथलीच आहेत.

चित्रं काढताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. सगळे षटकोन नसतात, पाच बाजूंचे असतात, सात बाजूंचेही असतात, एकसारखे षटकोन कोरले की ते फरशीचं डिझाइन वाटतं. खरा जीव भेगा जिथे भेटतात त्या सांध्यात आहे. वाळलेल्या तळ्यातला चिखल बघा, आधीची भेग सरळ गेलेली असते आणि नंतरची येऊन तिला काटकोनात थडकते. लाव्ह्याच्या पृष्ठभागावर पण असंच होतं, मात्र थंडावा जसा आत उतरतो तशा भेगाही खाली सरकतात आणि सांधे हळूहळू बदलत तिन्ही बाजूंना साधारण 120 अंशाचे होतात.

म्हणून ह्या तुकड्याला पायऱ्या ठेवल्यात. वरच्या पायरीवर काटकोनी सांधे, खालच्या पायरीवर तीन फाट्यांचे. आणि कोरायचा क्रमही तोच, वरती आधी जुनी भेग एका दमात त्रिकोणी नीडल फाईलने, म्हणजे बारीक कानशीने, ओढायची आणि मग नवी भेग तिच्यापर्यंत आणून थांबवायची, एक केसभरही पलीकडे नाही. खालच्या पायरीवर मात्र सांध्याच्या टिंबापासून बाहेर, तिन्हीकडे सारखा दाब देत. हा फरक बोटाला सुद्धा कळतो, खरंच! कागदावर पण तेच करतोय, जुनी भेग 0.3 मिमीच्या पेनने, नवी 0.1 ने, आणि खोली दाखवायला फक्त ठिपके. ठिपक्यांना वेळ लागतो पण रेघांच्या शेडिंगमध्ये भेगा हरवतात, त्यामुळे मला तरी ठिपकेच बरे वाटतात.

सोपस्टोन नखाने पण ओरखडतो म्हणून नवीन लोकांना सोपा वाटतो, पण त्याची धूळ हलक्यात घेऊ नका, काही ठिकाणच्या दगडात फुप्फुसांना घातक अ‍ॅसबेस्टॉसचे तंतू असू शकतात. दगड कुठला आहे ते विचारूनच घ्या, पी 100 फिल्टरचा मास्क लावा, आणि घासायचं ते पाणी टाकूनच. मी 220 च्या वॉटर पेपरपासून (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर, नंबर वाढला की बारीक) 400, 800 करत 1200 पर्यंत जातो. ओला दगड गुळगुळीतच दिसतो, ओरखडे लपतात, तेव्हा प्रत्येक पेपरनंतर पूर्ण सुकवून तिरप्या उजेडात बघायचं आणि मगच पुढचा नंबर घ्यायचा. शेवटी हेअर ड्रायरने गरम करून मधमाशीचं मेण. भेगांच्या आत मात्र मेण लावणार नाहीये, तिथला फिकट राखाडी रंग तसाच हवाय म्हणजे डोकी गडद आणि सांधे उठून दिसतील.

पुढचा दगड सीताफळासाठी काढून ठेवलाय, त्याच्या डोळ्यांच्या तिरप्या रांगा दोन्ही दिशांनी मोजून कागदावर उतरवायला घेतल्यात. कुणी गोल पृष्ठभागावर अशा रांगा आखल्या असतील तर पेन्सिलने आखता की दोरा गुंडाळून, ते जरूर सांगा.