तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबईहून परत का आलो

इथे बडोद्यात दांडिया बाजारात भाजी घेताना, सुरसागर तलावाच्या कट्ट्यावर, मुंजीच्या पंगतीत, सगळीकडे तेच. 'मुंबईला गेला होतात ना सगळे? मग परत का आलात?' मी तीन उत्तरं तयार ठेवली आहेत. भाडं परवडेना, सासूबाईंचा दमा, आणि तिकडची दगदग. एकही खोटं नाही. पण नवरा अजून तिकडेच आहे, शनिवारी पहाटे येतो आणि रविवारी रात्री जातो, म्हणजे आता खर्च दोन घरांचा. समोरचा एवढा हिशेब मनातल्या मनात करतो आणि पुन्हा माझ्याकडे बघतो. तेव्हा एकदाच लिहून टाकते.

'समुद्र सोडून आलात' म्हणणाऱ्यांसाठी आधी एक. आमचं घर कांदिवली पूर्वेला होतं. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसायचे. अडीच महिन्यांत समुद्र तीनदा पाहिला. धाकट्याचा समुद्र तोवर कमाटीबागेच्या म्युझियममधला, म्हणजे 1944 साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा. जुहूला पोचल्यावर त्याने पाण्याकडे बघून विचारलं, 'बाकीचे कुठे आहेत?'

धाकट्याला सीनियर केजीत लगेच जागा मिळाली. प्रश्न थोरलीचा होता. तिला पाचवीत जायचं होतं आणि चौथीपर्यंत ती गुजराती माध्यमात शिकलेली. हो, गुजराती. 'घरी मराठी, मग इंग्रजीत तरी घालायचं' हे मी पुरेसं ऐकलंय. शाळा घरापासून सात मिनिटांवर, बाई चांगल्या, ती हसत जायची आणि हसत यायची. आम्ही जन्मभर बडोद्यातच राहणार होतो. नवऱ्याची बदली काही पत्रिकेत नव्हती.

आम्ही पोचलो एप्रिलअखेर. बऱ्याच शाळांचे फॉर्म हिवाळ्यातच निघून संपलेले. मधल्या वर्गात जागा म्हणजे कुणी सोडून गेलं तर. एका शाळेने रजिस्टर केलेला भाडेकरार मागितला, दुसरीने एलसी (शाळा सोडल्याचा दाखला), तीही बडोद्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीशिक्क्याची. बडोद्याची शाळा म्हणे, तिकडे प्रवेश नक्की झाल्याचं पत्र आणा, मग एलसी देतो. मी रात्री बसून शिक्षण हक्क कायदा वाचला. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं कलम 5 सांगतं. वाचून उठून बसले. मग कळलं, शाळा बदलून मागण्याचा तो हक्क खाजगी विनाअनुदानित शाळांना लागू नाही, आणि माझ्या यादीत बहुतेक त्याच. महापालिकेच्या गुजराती माध्यमाच्या शाळाही आहेत मुंबईत. हे मी घरी बोलून दाखवलं तर नवऱ्याची आत्या म्हणाली, 'महाराष्ट्रात येऊन पोरीला गुजरातीत घालणार?' तिथेच तो विषय संपला. तो मी संपू द्यायला नको होता, असं आता वाटतं. काही दिवस वाटतं, काही दिवस नाही.

मे महिन्यात एका शाळेने 'इंटरॅक्शन'ला बोलावलं. प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावली तर त्याच कायद्याच्या कलम 13 नुसार पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणून परीक्षा म्हणत नाहीत. माझ्या पर्समध्ये त्या पानाची झेरॉक्स होती. ती पर्समध्येच राहिली.

बाई साधारण माझ्याच वयाच्या, हसऱ्या. त्यांनी विचारलं, 'सुट्टीत काय केलंस?' लेक म्हणाली, 'रजेत मामाकडे गेले. त्याच्या बारीतून गाडी दिसते.' बाई हसल्या. 'रजा? तू नोकरी करतेस का गं? आणि बारी म्हणजे?' त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. लेक माझ्याकडे बघायला लागली. मग बाईंनी कागद दिला आणि एक वाक्य सांगितलं, 'आमच्या अंगणात पारिजातकाचं झाड आहे.' लेकीने ते झरझर लिहिलं. शब्द सगळे बरोबर, पण वर रेघ नाही आणि दोन-तीन अक्षरं सरळ गुजराती. लिहून झाल्यावर तिला भिंतीवरचा तक्ता दिसला असावा. तिने कंपासमधून पट्टी काढली, ओळीवर ठेवली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शिरोरेघ ओढली. शब्दांमधल्या मोकळ्या जागांवरूनही. जीभ बाहेर काढून, अगदी सरळ.

बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. आणि मी म्हणाले, 'घरी आम्ही नीट मराठी बोलतो हो. हिला आजूबाजूच्यांची सवय लागलीय.'

'बारी' माझ्या सासूबाईंचा शब्द आहे. माझाही. शाळेला 'रजा' आम्ही सगळेच म्हणतो.

आमच्याकडे गाजलेला इंटरव्ह्यू एकच. 1875 साली बडोद्याच्या गादीसाठी दत्तक घ्यायला कवळाण्याहून तीन मुलं आणली, 'इथे कशाला आलात?' असं विचारल्यावर एक म्हणाला, 'राज्य करायला', आणि तो सयाजीराव झाला. ही गोष्ट लेकीला पाठ आहे. तिच्या मागे बसून मध्ये बोलणारी आई त्या गोष्टीत नाही.

लोकलमध्ये लेकीने विचारलं, 'आई, बारीला काय म्हणायचं?' मी म्हटलं, खिडकी. 'मग आजी चुकीचं बोलते?' मी म्हटलं, 'पडशील, दारापासून आत सरक.' त्यानंतर ती घरात मोजकं बोलायला लागली. आजीशी फोनवर चक्क गुजरातीत. सासूबाईंना गंमत वाटली, मला नाही.

म्हणून आलो परत, असं लिहून थांबता आलं असतं. पण जूनअखेर त्याच शाळेतून फोन आला. पाचवीत एक जागा झालीये, मुलगी हुशार आहे, मराठीचं आम्ही बघून घेऊ. म्हणजे ज्या बाई हसल्या त्यांनीच तिला ठेवून घेतलं होतं. मी एक दिवस मागितला. लेकीला विचारलं नाही. एलसी काढलीच नव्हती, त्यामुळे बडोद्याच्या शाळेत तिचं नाव अजून पटावर होतं. मी आधी तिकडे फोन केला, मग मुंबईच्या शाळेला नाही म्हणून कळवलं, आणि नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'मला आधी सांगायचं होतंस.' खरं आहे. पण आधी सांगितलं असतं तर आम्ही तिथेच राहिलो असतो, हेही खरं आहे.

लेकीसाठी केलं, असं मी बरेच महिने म्हणत होते. आता तेही ठामपणे म्हणवत नाही. त्या बाई मला रोज गेटवर दिसल्या असत्या.

तिचं बोलणं पुन्हा सुरू झालंय. बारी मात्र परत आली नाही, ती खिडकीच म्हणते. सासूबाई एकदा म्हणाल्या, 'मुंबईची झाली गं ही.' नवरा म्हणतो, यंदा फॉर्म वेळेवर भरू. सोळा पासपोर्ट फोटो काढले होते, त्यातले सहा उरलेत. तिचा चेहरा इतका बदललाय की ते चालणार नाहीत.