आंधळगावचा स्टोल आणि माझं जरीचं वेड

मला जरी लागते आणि तीही भरगच्च, त्यामुळे भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावला, टसर रेशीम विणणाऱ्यांच्या गावाला, जायचं ठरलं तेव्हा डोक्यात एकच होतं, लांबून चमकेल असा स्टोल आणायचा. नागपूरहून एसटीनं भंडारा, तिथून तुमसरकडे जाणारी गाडी, मोहाडीला उतरून पुढे ऑटो. मार्चमध्येच ऊन असं की तोंडावरचा रुमाल काढायची सोय नाही, आणि सोबत मामी, जी दर थांब्यावर विचारत होती की नागपुरात दुकानं नाहीत काय. आहेत ना! मागच्या वर्षी तिथूनच एक घेतला होता, खरी जरी म्हणून, दोन लग्नांत घातला आणि काठ काळा पडला.

विणकर काकांचा माग घरातच, पाय खाली खड्ड्यात सोडून बसलेले. मी गेल्या गेल्या जरीचंच विचारलं. ते हात न थांबवता म्हणाले, "जरी नोको पाहू बाई, काठ पाह्य आधी."

काठावर करवतीचे दाते, म्हणून करवतकाठी. मला इतकी वर्षं वाटायचं हे वरून भरतात. कसलं काय, धोटे (आडवा धागा इकडून तिकडे नेणारे) तीन असतात, एक मधल्या अंगाचा आणि दोन काठांचे, आणि काठाचा रंग संपून अंगाचा सुरू होतो तिथे दर ओळीला ते दोन धागे एकमेकांत अडकवत जायचं, हे पाहत मी पाऊण तास बसले असेन आणि कापड सरकलं बोटभर. अंगाला रंग दिलेलाच नव्हता, टसरच्या कोशाचा मूळचा मधासारखा रंग. हा किडा तुतीवर वाढत नाही, ऐन-अर्जुनाच्या झाडांवर उघड्या रानात वाढतो, म्हणजे पाखरं हाकायला माणूस हवाच.

जरी फक्त दोन्ही टोकांना, बारीक पट्ट्यात. मी जुना स्टोल मुद्दाम नेला होता. काकांनी त्यातली एक तार नखानं उकलली, आत तांबं. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळतात आणि वरून सोन्याचं पाणी देतात. मग त्यांनी न विचारताच सांगितलं की त्यांच्याकडचीही सुरतेची टेस्टेड आहे, म्हणजे तांब्यावर चांदीचं पाणी, अस्सल चांदीची परवडत नाही. दुकानदारानं हे सांगितलं असतं तर मी भांडले नसते!

किंमत ऐकून मामी गप्प झाली (हे सहसा होत नाही). काकूंनी सुती कापडात गुंडाळून दिला, सेंट मारू नको म्हणाल्या, घडी अधूनमधून बदल, एकाच जागी मोडली की जरी तुटते.

परतीच्या गाडीत मामीनं तो उन्हासाठी म्हणून डोक्यावर घेतला. भंडारा आलं, ऊन उतरलं, तरी तिनं काही काढला नाही.