कोडा फाइल सिस्टिम: वायर काढून बघितली

कोडा म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरायची सिस्टिम. तिचे माझे दोन्ही सर्व्हर आता नीट चालतायत. एक जुळे सोलापुरात माझ्या घरी, दुसरा एमआयडीसीत मित्राच्या कारखान्यात. दोन्हींवर चादरींच्या जेकार्ड डिझाइनचे ग्राफ (विणकामाचे चौकटीवरचे नकाशे). वाचायला एका सर्व्हरची प्रत पुरते, लिहिताना जेवढे हाताला लागतील तेवढ्या सगळ्यांवर जातं. एकीकडची लाइट गेली तरी काम अडत नाही. रेप्लिकेशनचं, म्हणजे एकाच फाइलच्या अनेक प्रती ठेवण्याचं, एवढं पुरे, खरी मजा लॅपटॉपवर आहे.

कोडा १९८७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सत्यनारायणन यांच्या गटानं सुरू केलं, एएफएस या आधीच्या फाइल सिस्टिमच्या पायावर. फाइल उघडली की अख्खी कॅशमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्या साठ्यात, उतरते, आणि 'कुणी बदलली तर कळवतो' असा कॉलबॅक सर्व्हर देऊन ठेवतो. लिनक्सवरचं एनएफएस (दुसरी एक नेटवर्क फाइल सिस्टिम) एरवी ३ ते ६० सेकंद जुन्या माहितीवर विसंबतं, मग पुन्हा विचारतं. अख्खी फाइल जवळ असते म्हणूनच कोडात वायर काढली तरी काम चालू राहतं. अर्थात, आधी भरून ठेवलेलं असेल तरच. त्यासाठी होर्डची यादी, म्हणजे कॅशमध्ये आधीच आणून ठेवायच्या फाइलींची: डिझाइनच्या फोल्डरला मोठा प्राधान्यक्रम दिला, पुढे येणाऱ्या फाइलींसकट. जुनी बिलं राहू दिली तळाला.

मग लॅनची वायर काढली आणि बॉर्डरचा ग्राफ पुन्हा पुन्हा सेव्ह केला. सर्व्हरला नंतर पाठवायच्या बदलांच्या लॉगमध्ये नोंद मात्र शेवटच्या सेव्हचीच. तात्पुरती फाइल बनवून पुसली, तर दोन्ही नोंदी एकमेकींना खाऊन गायब! स्लो लाइनवरही नोंद आधी ६०० सेकंद मुरवत ठेवतात ती याचसाठी. पाठवण्याआधीच निम्मं काम रद्द होत असेल तर घाई कशाला?

तेवढ्यात मित्रानं तिकडे तीच बॉर्डर बदलली होती. वायर लावल्यावर कॉन्फ्लिक्ट, दोन्ही बदलांची टक्कर: फाइलच्या जागी तुटकी सिमलिंक (कुठेच न पोचणारा दुवा), आणि कोडाचं रिपेअर हे साधन घेऊन दोन्ही प्रती आपणच बघायच्या. एकच फाइल दोन माणसांनी दिवसाभरात बदलण्याची शक्यता फार तर ०.७५ टक्के, असं कोडाच्या गटानं १९९२ च्या लेखात मोजून मांडलंय. ते विद्यापीठातलं. आमच्याकडे एका बॉर्डरवर दोघं हात मारतात.

म्हणून आता बदललेली डिझाइन ज्यानं त्यानं आपल्या नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवायची. एकाच फोल्डरमध्ये दोन नवी नावं आली, तर कोडा काही न विचारता जुळवून घेतं.