अरबीत बीए करायचंय? करा की, पण आधी हे वाचा

अरबी घेऊन बीए करतोय म्हटलं की जळगावात दोनच प्रश्न येतात. एक, "सौदीला जाणार का?" आणि दुसरा, आडनाव पाटील-कोळी असलं तर, "तुझं काय काम भो तिकडं?" दुसऱ्याला माझं उत्तर ठरलेलं आहे, बुऱ्हाणपूरला जाऊन या. भुसावळहून तासाभराचा रस्ता, आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या खान्देशची राजधानीच होती ती, आणि तिथल्या जामा मशिदीत अरबी शिलालेखासोबत चक्क संस्कृत शिलालेखही आहे. हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा, प्रचंड संग्रह 'कन्झुल उम्माल' ज्यांनी रचला ते अली मुत्तकीसुद्धा बुऱ्हाणपूरचेच, पुढे मक्केत राहिले अन् 1567 मध्ये तिथेच वारले. म्हणजे अरबी काय आपल्याला परकी नाही.

दिल्लीच्या जेएनयूत सीयूईटी ही प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं, हैदराबादच्या इफ्लू या भाषांच्या विद्यापीठातही बीए आहे. लिपीला लोक उगाच घाबरतात, 28 अक्षरं आहेत, ती बसतात लवकर. खरा घाम व्याकरण काढतं. तीन ते दहा आकडे बघा, नाम पुल्लिंगी असेल तर आकडा स्त्रीलिंगी रूपात आणि नाम स्त्रीलिंगी असेल तर आकडा पुल्लिंगी, हे पहिल्यांदा ऐकल्यावर वाटतं सर मस्करी करतायत. अनेकवचनही बरंचसं पाठच करावं लागतं, किताबचं कुतुब, रजुलचं (पुरुष) रिजाल, आणि वर पुस्तकं अनेक असली तरी त्यांचं विशेषण स्त्रीलिंगी एकवचनी, का ते विचारू नका. डिक्शनरीसुद्धा सरळ नाही, हान्स वेहरची अरबी-इंग्रजी डिक्शनरी उघडली की आधी शब्दाचं मूळ शोधायचं, मकतबा (ग्रंथालय) हवं असेल तर मीमखाली (म) नाही, काफ-ता-बा (क-त-ब) या तीन मूळ अक्षरांखाली. सुरुवातीला वैताग येतो, पण एकदा डोक्यात बसलं की अनोळखी शब्दाचं कूळ आपोआप दिसायला लागतं आणि हाच भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

ही तीन अक्षरांची पद्धत हिब्रू, सिरियाक, अक्कादी या अरबीच्या नात्यातल्या भाषांतही आहे, म्हणून काही पोरं पहिल्याच वर्षी हिब्रूही धरतात. माझं मत, नका धरू. अरबी पक्की झाली की हिब्रू फार पटकन येते, उलटंसुलटं केलं की दोन्ही कच्च्या राहतात. (बाय द वे, मुंबईतले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सननी 1832 साली हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं होतं, कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू लोकांसाठी. मराठीत! आज असलं काही मिळतंय का बघा.) अक्कादी किंवा इथिओपियाची जुनी गीझच शिकायची असेल तर मात्र बाहेर जायची तयारी ठेवा, जर्मनीत सेमिटिस्टिक, म्हणजे या सगळ्या भाषाकुळाचा अभ्यास, म्हणून वेगळा विषयच असतो.

आता नोकरी. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या हॉस्पिटलांत अरब पेशंट येतात, दुभाषे लागतात. पण कॉलेजात शिकवतात ती फुस्हा, म्हणजे बातम्यांची आणि पुस्तकांची अरबी, आणि पोटात दुखतंय हे कुणी फुस्हात सांगत नाही, जो तो आपापल्या बोलीत सांगतो. म्हणून तिसऱ्या वर्षाआधी एखादी बोली धरा, मी तर इजिप्शियन म्हणेन, सिनेमे आणि सिरियली ढिगानं आहेत.