तुम्ही विचारलंत म्हणून: मी डेमोक्रॅट का?

"ताई, तुम्ही दोघं कमावता, घर स्वतःचं आहे, कर वेळेवर भरता. मग तुम्ही डेमोक्रॅट कशा काय?" मंडळाच्या गणपतीत हा प्रश्न येतो, दिवाळीच्या फराळाला येतो, आणि सोलापूरहून भावाचा फोन आला की तोही आडून आडून हेच विचारतो. विचारणाऱ्याचा हिशेब सरळ असतो: रिपब्लिकन कर कमी करतात, आपण कर भरणारे, म्हणजे आपण त्यांचे. प्रसादाची ताटली हातात धरून याचं उत्तर देता येत नाही, म्हणून मी दर वेळी विषय पुढे ढकलते. आज बसून सांगते.

मी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, नॉर्थॅम्प्टन काउंटीत राहते, बेथलेहेम शहराजवळ. आम्हाला ग्रीन कार्ड २००६ साली मिळालं, नागरिकत्व २०११ साली, आणि पहिलं मत मी २०१२च्या नोव्हेंबरात दिलं. आमच्या राज्यात पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीत मत द्यायचं असेल तर मतदार नोंदणीच्या फॉर्मवर पक्ष लिहावा लागतो. मी डेमोक्रॅटिक लिहिलं. त्याचं कारण तीन वर्षं आधीच घडून गेलं होतं.

जानेवारी २००९. मंदी जोरात होती. एका गुरुवारी नवरा दुपारीच घरी आला आणि डबा ओट्यावर ठेवला. मी उचलून पाहिला तर भरलेलाच होता. पोळी-भाजी जशीच्या तशी. मग त्याने सांगितलं की त्याच्या टीममधल्या सगळ्यांनाच काढलं.

नोकरी गेली की पगार थांबतो, एवढं आम्हाला कळत होतं. विमाही जातो, हे माहीत असूनही आम्ही त्याचा कधी विचार केला नव्हता. नवऱ्याला मधुमेह आहे, तेव्हाही इन्शुलिन चालू होतं. मुलगा नऊ वर्षांचा. इथे कोब्रा नावाची सोय आहे: जुन्या कंपनीचाच विमा आणखी १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनी जो हिस्सा भरत होती तोही आपणच भरायचा, वर दोन टक्के. आमचं पत्र आलं, महिना १,१४० डॉलर. बेकारी भत्त्यातली जवळजवळ निम्मी रक्कम. स्वतंत्र विमा घ्यावा म्हणून दोन कंपन्यांकडे अर्ज केले. दोघांनीही मधुमेह पाहून नकार दिला. तेव्हा कायद्याने त्यांना तसं करता येत होतं.

१७ फेब्रुवारी २००९ रोजी ओबामांनी आर्थिक मदतीच्या मोठ्या कायद्यावर सही केली. त्यात एक छोटं कलम होतं. मंदीत नोकरी गेलेल्यांच्या कोब्राच्या हप्त्यातले ६५ टक्के सरकार भरेल, नऊ महिने. आमचा हप्ता १,१४० वरून ३९९ वर आला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी तो आकडा लिहून ठेवला होता. दर महिन्याला चेक लिहिताना तो बघायची आणि मला हायसं वाटायचं.

त्या कायद्याला प्रतिनिधीगृहात एकाही रिपब्लिकनाने मत दिलं नाही. सिनेटमध्ये तिघांनी दिलं. त्या तिघांतले एक आमच्याच राज्याचे आर्लेन स्पेक्टर. एप्रिलमध्ये ते पक्ष सोडून डेमोक्रॅट झाले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदा सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झाला, त्या साठांतही ते होते. पुढच्या मे महिन्यात डेमोक्रॅटिक प्रायमरीत ते हरले. दोन्ही पक्षांनी त्यांना ठेवलं नाही. मला तेव्हा मताचा हक्क नव्हता, त्यांना मत देण्याची संधी मला कधीच मिळाली नाही. पण अमेरिकेत कुणाच्या एका मताने माझ्या घरातला आकडा बदलला असेल तर तो त्यांच्या.

नवऱ्याला अकरा महिन्यांनी नोकरी लागली, आधीपेक्षा कमी पगाराची. मी एका दवाखान्यात बिलिंगचं काम धरलं, ते आजही करते. दिवसभर डिडक्टिबल (विम्याने खर्च उचलण्याआधी आपण भरायची रक्कम), को-पे (दर भेटीला भरायचा आपला हिस्सा), प्री-ऑथोरायझेशन (उपचाराआधी विमा कंपनीची परवानगी), नामंजूर झालेले क्लेम. ओबामांच्या त्या कायद्यामुळे १ जानेवारी २०१४ पासून आधीच्या आजारावरून कुणालाही विमा नाकारता येईना, तेव्हा आमच्या खिडकीवर काय बदल झाला तो मी डोळ्यांनी पाहिला. वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढलेली माणसं पहिल्यांदा तपासायला येऊ लागली. छपरांची कामं करणारे, सलूनवाल्या बायका, स्वतःचा ट्रक चालवणारे. २०१७च्या जुलैत रिपब्लिकनांनी तो कायदा मोडायचा प्रयत्न केला आणि २८ तारखेच्या पहाटे त्यांच्याच पक्षाचे सिनेटर जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली करून विरोधात मत दिलं; प्रयत्न ४९ विरुद्ध ५१ असा पडला. मी जागीच होते. नवऱ्याला उठवून सांगितलं.

माझा हा हट्ट खरं तर सोलापूरचा आहे. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा घरात पैशांची ओढाताण झाली, आईने पापड लाटले, दागिने गहाण पडले. पण त्याच वर्षी वडिलांचं पोटाचं ऑपरेशन सिव्हिलमध्ये झालं आणि त्यापायी आम्ही कर्जात बुडालो नाही. सिव्हिलमध्ये गर्दी होती, रांग होती, जमिनीवर गाद्या होत्या, सगळं मान्य. पण गिरणी बंद पडली म्हणून दवाखान्याचं दार बंद झालं नव्हतं. इथे ते बंद होतं, हे समजायला मला अमेरिकेत अकरा वर्षं लागली.

आता शेजाऱ्यांबद्दल सांगते, कारण माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. वय सत्तरीच्या पुढे, घरात पोलादाचं काम पिढीजात. बेथलेहेमच्या भट्ट्या तुम्ही पाहिल्या असतील, नदीकाठी पाच ओळीने उभ्या आहेत, रात्री त्यांच्यावर रंगीत दिवे सोडतात. गोल्डन गेट पुलाचं पोलाद याच बेथलेहेम स्टील कंपनीचं. १९९५ साली इथे पोलाद बनणं थांबलं, २००१ साली कंपनी दिवाळखोरीत गेली, २००३ साली निवृत्त कामगारांचा आरोग्य विमाही संपला. आता त्या जागेवर कसिनो आहे, गोदामं आहेत, आणि भट्ट्यांच्या पायथ्याशी गाण्याचे कार्यक्रम होतात.

शेजारी आधी ओबामांना मत द्यायचे, २०१६ पासून ट्रम्प. त्यांचं म्हणणं, व्यापाराचे करार करून आमचं काम बाहेर घालवलं ते डेमोक्रॅट क्लिंटननी. एकदा बर्फ उपसताना मी त्यांना सांगितलं की १९९३ साली नाफ्टाला, म्हणजे कॅनडा-मेक्सिकोबरोबरच्या व्यापार कराराला, प्रतिनिधीगृहात डेमोक्रॅटांची १०२ मतं होती आणि रिपब्लिकनांची १३२. २००० साली चीनला कायमचा व्यापारी दर्जा दिला तेव्हा रिपब्लिकनांची १६४, डेमोक्रॅटांची ७३. त्यांनी फावडं टेकवलं आणि विचारलं, "आणि सही कोणाची होती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सही क्लिंटनचीच होती. स्वस्त टीव्ही आणि स्वस्त कपडे सगळ्या देशाला मिळाले आणि त्याची किंमत आमच्यासारख्या गावांनी चुकवली, हे माझ्या पक्षाने वेळेवर कबूल केलं नाही.

पण भट्ट्या त्याच आणि निष्कर्ष दोन. ते म्हणतात, काम परत आणा, मग विमा आपोआप येईल. म्हणून बाहेरच्या मालावर टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावा. मी म्हणते, विमा नोकरीच्या खुंट्याला बांधलेला आहे तोवर दर मंदीत हेच होणार. आधी तो सोडवा. पोलादावर २०१८ साली २५ टक्के टॅरिफ लागलं, जून २०२५ मध्ये ते ५० टक्के झालं. या पाच भट्ट्या काही पेटल्या नाहीत, पेटणारही नाहीत. पोलाद बनवणाऱ्याला टॅरिफचा फायदा होतो, पोलाद विकत घेणाऱ्या कारखान्याचा खर्च वाढतो, आणि दुसऱ्या प्रकारचे कामगार पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. सोलापूरचे टॉवेल अमेरिकेत येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या बऱ्याच मालावर ५० टक्के टॅरिफ लागलं तेव्हा भावाच्या गल्लीतल्या यंत्रमागवाल्यांच्या ऑर्डरी थांबल्या. भावाने विचारलं, यामुळे तरी तुमच्याकडचे आपले लोक बदलतील का? मी त्याला खरं ते सांगितलं. भारताचा मित्र कोण, यावर मी मत देत नाही. मी शपथ इथली घेतली आहे.

आता तुमचा कराचा मुद्दा. २०१७ च्या करकपातीचा आम्हाला फायदा झाला, तो मी नाकारत नाही. पती-पत्नीची सरसकट वजावट १२,७०० वरून २४,००० झाली. माणशी ४,०५० ची सूट मात्र काढून टाकली. मुलामागची सवलत दुप्पट झाली, दर उतरले. सगळं धरून पहिल्या वर्षी आमचे साधारण अठराशे डॉलर वाचले. पण तो कायदा नीट पाहा. कंपन्यांचा कर ३५ वरून २१ टक्के केला तो कायमचा. तुमच्या-माझ्या कपातीला २०२५ अखेरची मुदत घातली. घाईत कुणाची सोय आधी बघितली, ते त्या मुदतीवरून कळतं. पुढे जुलै २०२५ च्या कायद्याने आपलीही कपात कायम केली, पण त्याच कायद्यात गरिबांच्या सरकारी विम्याला, मेडिकेडला, कात्री लावली. संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब आहे की त्या कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी माणसं विम्याबाहेर जातील. माझे अठराशे डॉलर त्या माणसांच्या विम्यातून येणार असतील तर मला ते नकोत. हे मी अगदी विचारपूर्वक लिहिते आहे.

माझ्या पक्षावरही माझा राग आहे. मार्च २०२१ मध्ये त्यांनी १.९ ट्रिलियन डॉलरचा मदतीचा कायदा केला. त्यातल्या मुलांमागच्या वाढीव सवलतीने त्या एका वर्षी बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आलं. इतकं चांगलं काम त्यांनी एका वर्षाच्या मुदतीचं केलं, आणि २०२२ मध्ये तो आकडा १२.४ वर गेला. उलट गरज नव्हती त्यांच्याही खात्यात चेक आले; आमच्या आले. २०२२च्या जूनमध्ये महागाई ९.१ टक्के होती. साथीने पुरवठा तुटला होता, युक्रेनचं युद्ध होतं, सगळं खरं. पण २०२१ मध्ये ही महागाई तात्पुरती आहे असं वॉशिंग्टनमधून ऐकवलं जात होतं आणि आमच्या खिडकीवर लोक औषधाची बाटली अर्धी अर्धी करून पुरवत होते. दुकानात अंड्यांचा भाव वाचून माणूस गप्प उभा राहतो, त्याला अर्थव्यवस्था उत्तम आहे असं सांगायचं नसतं. पेनसिल्व्हेनिया आम्ही २०२४ मध्ये गमावलं, आमची काउंटीही. २००८ ते २०२४ अध्यक्षपदाच्या पाचही निवडणुकांत ही काउंटी जिंकणाऱ्याच्या बाजूला गेली आहे. इथले लोक पक्ष बदलतात, कारण ते घरातलं बिल बघतात. मीही तेच बघते, फक्त माझं बिल दवाखान्याचं आहे.

म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून खर्चाला मंजुरी नसल्याने ४३ दिवस सरकार बंद होतं, तेव्हा डेमोक्रॅट ज्यासाठी अडून बसले होते ते मला पटत होतं. विम्याच्या हप्त्यावर २०२१ पासून मिळणारी वाढीव सवलत डिसेंबरअखेर संपणार होती, ती वाढवा, ही मुख्य मागणी. बिनपगारी काम करणाऱ्या विमानतळावरच्या माणसांचं मला वाईट वाटत होतं. शेवटी सरकार उघडलं आणि सवलत संपली. जानेवारीत एक बाई हप्त्याचा कागद घेऊन आमच्या खिडकीशी आल्या, नवऱ्याचा रंगकामाचा धंदा. हप्ता आमच्या दवाखान्याच्या हातात नसतो. मी त्यांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. पण विचारू कुणाला?"

माझा मुलगा यंदा सव्वीस वर्षांचा झाला. सव्विसाव्या वर्षापर्यंत तो वडिलांच्या विम्यावर होता, तीही ओबामांच्या त्याच कायद्याची सोय. तो सायकल दुरुस्तीच्या छोट्या दुकानात काम करतो, तिथे विमा नाही. आमचा विमा सुटल्यापासून साठ दिवसांत त्याला 'पेनी' या राज्याच्या विमा बाजारातून स्वतःचा घ्यायचा आहे. गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही तिघं लॅपटॉप घेऊन बसलो. ब्राँझ या सगळ्यात स्वस्त पातळीच्या विम्याचा हप्ता त्याला परवडतो, पण डिडक्टिबल वाचून मला झोप लागणार नाही. त्याच्या वरच्या सिल्व्हरचा परवडत नाही. नवऱ्याने कागदावर दोन्ही आकडे लिहिले आणि मुलाच्या पगारातून वजा करून पाहिले, दोनदा. अजून ठरलेलं नाही. एकवीस दिवस उरले आहेत.